समिंद्राआक्काची मेख

समिंद्राआक्काला तंबूची जागा निवडायची असली की ती जमिनीवर आडवी पडायची. भर दुपारी, लोकांच्या देखत, लुगड्याचा काष्टा सावरून ती सरळ पाठीवर झोपायची, डोळे मिटायची आणि दोन मिनिटं हलायची नाही. आम्हा कोरसातल्या बायकांना आधी लाज वाटायची. आजूबाजूला गाण्याच्या दुसऱ्या पार्ट्यांचे तबलेवाले, गाडीवाले, मंडपाची पोरं उभी असायची. आक्काला त्याचं काही नव्हतं. ती उठायची, पाठीची माती झटकायची आणि म्हणायची, "न्हाई. हितं डोकं जड झालं. पाणी हिकडंच येतंय." मग दहा पावलं पुढं जाऊन पुन्हा आडवी.

हे ती ऊसतोडीत शिकली होती. दर दिवाळीनंतर ती आणि तिचा नवरा लिंबाजी कोयते घेऊन कारखान्याच्या भागात जायचे. तिथं कोपी घालायची. कोपी म्हणजे बांबू आणि उसाच्या पाचटाची, माणूस वाकून आत शिरेल एवढी झोपडी. पाच-सहा महिन्यांचा संसार त्यातच. जागा चुकली तर अवकाळीत चूल विझते, पिठाचा डबा भिजतो आणि सकाळी पुन्हा कोयता उचलायचाच असतो. म्हणून टोळीतली माणसं ट्रकमधून उतरली की आधी आक्काकडं बघायची. ती कुठं आडवी पडते ते बघून मग आपापली बोचकी उतरवायची.

तिच्या आणखी खुणा होत्या. शेळ्या दुपारी जिथं बसतात ती जमीन कोरडी. जिथं लव्हाळा उगवलाय तिथं वरून कितीही सुकं दिसलं तरी खाली पाणी. टाच दाबून बघायची, ढेकूळ फोडून हुंगायची. मी अंगणवाडीत नोकरी करणारी, केजला जाऊन ट्रेनिंग घेतलेली बाई. मला तिच्या या गोष्टी आधी खुळ्यासारख्या वाटायच्या. नंतर वाटेनाशा झाल्या.

आमची भीमगीतांची पार्टी होती. आक्का गायची आणि पेटीही तीच वाजवायची. ढोलकीवर तिचा दीर सोपान, आणि मागं आम्ही चार बायका. पेटी लिंबाजीनं घेतली होती. त्यानंच तिला शिकवलं, कोपीच्या दारात बसून, उसानं कापलेल्या बोटांनी. लिंबाजी गेल्यावर ती रोज सकाळी पेटी उघडायची, भात्यावरची धूळ जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसायची, एकच सूर धरायची आणि बंद करायची. गाणं नाही म्हणायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तेला राम राम घातला." आमच्यात जय भीम म्हणतात, राम राम कोणी घालत नाही. तिलाही ते बोलल्यावर हसू आलं.

आता तिच्या स्वभावाचं सांगायला हवं. आक्का विसरत नसे. तिला कुणी दुखावलं तर ती भांडायची नाही, ओरडायची नाही. तिचा चेहरा एकदम गुळगुळीत व्हायचा. तो गुळगुळीत चेहरा दिसला की आम्ही आपापलं काम घेऊन बाजूला व्हायचो.

केजच्या एका जीपवाल्यानं एकदा तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "मावशे, तू आन तुझी ढोलकी टपावर बसा. आत साफसूफ मान्सं हायत." आक्का खाली उतरली. चालत गावाला आली. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या जीपमध्ये बसली नाही, आणि गावातल्या बायकांनाही बसू दिलं नाही. कुणाला दम दिला नाही. बाई बाजाराला निघाली की आक्का फाट्यावर तिच्याशेजारी उभी राहायची आणि एसटी येईपर्यंत गप्पा मारायची, एवढंच. तिच्यासमोर जीपमध्ये चढायची कुणाची छाती होत नसे. तीन वर्षांनी तो जीपवाला आमचा रस्ता सोडून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागला. त्या दिवशी आक्कानं घरी पुरणपोळ्या केल्या. सण कसला म्हणून विचारलं तर म्हणाली, "आज रस्ता साफसूफ झाला."

तिच्या शेळ्यांची नावं तिच्या वैऱ्यांची होती. एका मुकादमाच्या नावाची शेळी होती, एका ग्रामसेवकाच्या नावाचा बोकड होता. सकाळी ती त्यांना चारा टाकताना जे बोलायची ते मला इथं लिहिता येणार नाही.

पाटोद्याच्या पुढं डोंगराच्या माथ्यावर एक मोठा माळ आहे. तिथं दर फेब्रुवारीत तीन दिवसांचा संगीत महोत्सव भरू लागला. शास्त्रीय गाणारे, कव्वाल, शाहीर, टीव्हीवरचे गायक, सगळे. पुण्या-मुंबईची तरुण मुलं तंबूत राहायला यायची, मोबाइलवर फोटो काढायची. आसपास लॉज नाहीत, त्यामुळं कलाकारांनीही माळावरच तंबू ठोकून राहायचं. पाहुण्या कलाकारांचे तंबू महोत्सवाचे, आमच्यासारख्या पार्ट्यांनी आपापली ताडपत्री आणायची.

व्यवस्थापक होते उत्तमराव. पन्नाशीचा माणूस, पांढरे कपडे, कानाला कायम फोन. वाईट बोलायचे नाहीत. सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. पण एक होतं, त्यांना समोरचं माणूस दिसायचं नाही. तुमच्याशी बोलताना त्यांची नजर तुमच्या मागच्या गाडीवर असायची.

पहिल्या वर्षी आम्ही उत्साहानं गेलो. आक्का माळभर तीनदा आडवी पडली आणि वरच्या अंगाला, खडकाळ उतारावर एक जागा तिनं धरली. आम्ही ताडपत्री बांधली, मेखा ठोकल्या, चूल मांडली. सोपान ढोलकी तापवायला बसला. तेवढ्यात उत्तमराव आले.

"ही जागा पाहुण्यांना लागणार आहे. आपण खालच्या अंगाला घ्या."

"कावून खाली?" आक्का म्हणाली. "आमी बी गायाला आलोत."

"खाली सगळी सोय आहे," उत्तमराव म्हणाले. नजर मागच्या गाडीवर.

खाली म्हणजे संडासांच्या पलीकडं, ओघळीच्या काठाला. आम्ही मेखा उपटल्या. खाली गेल्यावर आक्का आडवी पडली नाही. बघायचं काही राहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आभाळ काळं झालं. आधी गारा, मग पाऊस. फेब्रुवारीतला पाऊस, कुणाच्या ध्यानीमनी नाही. ओघळीचं पाणी बघता बघता आमच्या तंबूत आलं. आम्ही अंथरुणं डोक्यावर घेतली. आक्कानं पेटी छातीशी धरली, वरून पदर टाकला आणि पाहुण्यांच्या मोठ्या शामियान्याकडं पळाली. मी तिच्या मागं. शामियान्याच्या दारात उत्तमराव उभे. आत कोरडं ठक्क, गालिचा, सोफे, चहाचे कप.

"साहेब, आमाला ऱ्हाऊ द्या भाईर. येवढी पेटी आत घ्या."

उत्तमराव म्हणाले, "आत पाहुणे आहेत. वाद्यं आपल्याकडंच ठेवा." आणि त्यांनी कनात ओढली.

त्यांनी ढकललं नाही की शिवी दिली नाही. कनातीची दोरी ओढली आणि कापड आमच्या नाकासमोर बंद झालं. आतून चहाच्या चमच्याचा आवाज आला.

आक्का तिथंच उभी राहिली. गारा तिच्या डोक्यावर पडत होत्या. अर्ध्या तासानं पाऊस थांबला तेव्हा पेटीतून पाणी गळत होतं. लातूरला दाखवली. कारागिरानं उघडली, पुन्हा मिटली आणि म्हणाला, लाकूड फुगलंय, सूर गंजणार, हात लावण्यात अर्थ नाही. येताना एसटीत आक्का खिडकीशी बसली होती. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो गुळगुळीत झाला होता.

त्या वर्षी तिच्या शेळीला बोकड झाला. त्याचं नाव तिनं उत्तम ठेवलं.

आम्ही सगळ्यांनी मिळून तिला नवी पेटी आणली. मला वाटलं ती महोत्सवाला पुन्हा जाणार नाही. पण ती म्हणाली, "जायाचं. न्हाई गेलो तर तेला सोपं व्हईल."

पुढच्या वर्षी आक्का दोन दिवस आधी गेली. माळ मोकळा होता. तिनं चांगली जागा निवडली, वाऱ्याला आडोसा, खाली मुरूम, तीन बाजूंनी उतार. दुसऱ्या दिवशी उत्तमराव मोजपट्टी घेऊन आले आणि म्हणाले, ही जागा राखीव. तिथं टीव्हीवरच्या गायकाचे तंबू लागले. तिसऱ्या वर्षी ती दुसऱ्या टोकाला गेली. तिथंही तेच. आम्हाला वाटलं, हा माणूस मुद्दाम छळतोय. तसं नव्हतं. तिसऱ्या वर्षी मी चहाच्या टपरीमागं उभी होते आणि उत्तमराव मंडपाच्या ठेकेदाराशी बोलत होते. हसत हसत म्हणाले, "ती केजकडची बाई आहे ना, जमिनीवर झोपणारी? ती जिथं मेख ठोकेल तिथं डोळे झाकून पाहुण्यांचे तंबू लावायचे. तिला बरोबर कळतं. आपल्याला इंजिनिअर लागत नाही."

मी जाऊन आक्काला शब्दन् शब्द सांगितला. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"आसं म्हनला? डोळे झाकून?"

"व्हय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिला त्या माळावर हसताना पाहिलं.

त्यानंतरचं वर्ष तिनं कसं काढलं ते मी जवळून पाहिलं. ती दोनदा एकटीच पाटोद्याला जाऊन आली. विचारलं तर म्हणायची, कौसाबाईकडं गेलते. कौसाबाई म्हणजे ऊसतोडीतली तिची जुनी मैत्रीण, माळाला लागून तिचं गव्हाचं रान. बांधावर बसून दोघी तंबाखू मळायच्या. कौसाबाईचं एकच रडगाणं होतं. तलावाचं पाटपाणी आलं की अर्धं पाणी बांधाखालून पळून जातं. खेकड्यांनी बांध पोखरलाय. पाणी बिळांतून खाली उतरतं आणि पन्नास पावलांवर, माळाच्या सपाटीला, जमिनीतून वर येतं. बाकीच्या दिवसांत तिथं नुसतं हिरवंगार दिसतं.

"पान्याची पाळी कवा हाय तुझी?" आक्कानं विचारलं होतं.

"यंदा शनवारी. दोपारी."

महोत्सव शुक्रवार ते रविवार होता.

चौथ्या वर्षी आक्का तीन दिवस आधी निघाली. मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर गेले. ती सरळ त्या हिरव्या सपाटीवर गेली. जागा खरोखर देखणी होती. भोवती बाभळी, पायाखाली मऊ गवत, समोर रंगमंच, मागं डोंगराची कड. आक्का आडवी पडली, पण नेहमीपेक्षा जास्त वेळ. उठली, दुसरीकडं पडली. मंडपाची माणसं काम सोडून बघायला लागली तेव्हा ती उठली, नारळ फोडला आणि मोठ्यानं म्हणाली, "आशी जागा साऱ्या माळात न्हाई."

मी खाली वाकून गवत बघितलं. हराळीत मधूनमधून लव्हाळा होता. मी आक्काकडं पाहिलं.

"आक्का, ह्यो तर..."

"गप मेख धर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्तमराव आले. आक्का भांडली. तिला तसं भांडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. ती रडली, तिनं मेख कवटाळली, "दर साली आमालाच कावून उठीवता?" म्हणून हंबरडा फोडला. उत्तमरावांना खात्रीच पटली. त्यांनी दोन माणसं लावून आमच्या मेखा उपटल्या आणि तिथं शामियाना उभारायला सांगितलं. आम्ही वर खडकावर गेलो. तिथं मेख शिरत नव्हती, दगड लावून दोऱ्या ताणाव्या लागल्या. आक्कानं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि मला म्हणाली, "सुमन, च्या टाक."

शनिवारी जिल्ह्यातले एक मोठे पुढारी जेवायला येणार होते. शामियान्यात गालिचे, सोफे, फुलांचे हार. आम्ही वरून बघत होतो. आक्का दगडावर बसली होती, मांडीवर हात ठेवून, सिनेमाला बसावं तशी. दोन वाजता पुढारी आले. उत्तमराव त्यांना हातानं दाखवत होते, हे बघा, ते बघा. जेवणं सुरू झाली.

पाणी धावत आलं नाही. आधी शामियान्यातून एक वाढपी बाहेर आला आणि चपलेचा तळ बघायला लागला. मग आतून कुणीतरी काही ओरडलं. नंतर कळलं, गालिचा काळा पडत गेला, सोफ्याचे पाय रुतले आणि पुढाऱ्यांनी काढून ठेवलेले जोडे हळूहळू तरंगत टेबलाखाली गेले. ओल्या काळ्या मातीनं मेखा सोडायला सुरुवात केली. एक खांब कलला, मग दुसरा. आणि सगळा शामियाना म्हैस बसावी तसा पुढच्या गुडघ्यांवर आला, मग मागच्या. कापडाखाली माणसं वळवळत होती. पुण्याची मुलं मोबाइल धरून धावली. तो व्हिडिओ नंतर आष्टीपासून केजपर्यंत सगळ्यांनी पाहिला.

पुढारी बाहेर आले तेव्हा त्यांच्या पायात मोजे होते, चिखलाचे. मागून उत्तमराव निघाले, गुडघ्यापर्यंत काळे, केसांत झेंडूची पाकळी. पुढाऱ्यांनी फक्त एवढंच विचारलं, "उत्तमराव, ही जागा कुणी निवडली?"

आणि उत्तमरावांना खरं सांगता येईना. कारण जेवता जेवता त्यांनीच सांगितलं होतं की मी स्वतः चार दिवस माळ फिरून ही जागा काढली.

"मीच, साहेब."

हे आम्हाला नंतर वाढप्यानं सांगितलं. आक्कानं ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

पण त्याच्याआधी एक झालं, तेही सांगायला हवं. शामियाना बसला तेव्हा आक्का हसत नव्हती. ती नुसती बघत होती, ओठ घट्ट मिटून. आणि मग तिची नजर बाजूच्या छोट्या तंबूवर गेली. तिथं टीव्हीवरच्या गायकाचे साथीदार उतरले होते. त्यातले पेटीवाले एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. ते पाण्यात गुडघे टेकून बसले होते आणि पेटीच्या खोक्यातून काहीतरी उपसत होते.

आक्का दगडावरून उठली आणि धावत सुटली. सत्तरीला आलेली बाई, अनवाणी, त्या चिखलात. मी पोचले तेव्हा तिनं पेटी उचलून डोक्यावर घेतली होती आणि पाणी तिच्या मानेवरून वाहत होतं. कोरड्यावर ठेवून मास्तरांनी भाता हलवला. एक पट्टी दाबली. नुसती हवा निघाली. ते पुन्हा पुन्हा तीच पट्टी दाबत राहिले.

"मास्तर, माझी घ्या," आक्का म्हणाली. "सांजच्याला माझी वाजवा. नंतर बी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"आणि आपलं गाणं?"

"आमी बिगरपेटीचं गातो."

त्या संध्याकाळी मास्तरांनी तिची पेटी वाजवली. आमची पार्टी त्यांच्यानंतर ढोलकी आणि टाळावर गायली. आक्काचा आवाज दोनदा फाटला. घरी येताना जीपमध्ये ती म्हणाली,

"मास्तर मधी आला."

"तुला काय ठावं व्हतं?"

"बगायला पायजे व्हतं. कोन कुठं झोपलंय ते बगायला पायजे व्हतं." मग म्हणाली, "उत्तमचं मला काई न्हाई. तेला आजून पुरलं न्हाई."

मला वाटलं, बोलण्याची एक पद्धत. पण तिच्या मनात खरंच काहीतरी अडकून बसलं होतं. व्हिडिओ सगळे हसून बघायचे, ती बघायची नाही. एकदा मी छेडलं तेव्हा म्हणाली, "तेला वाटतंय जमीन वंगाळ निगाली. माझं हाय ते तेला कुठं कळलंय?"

आणि पुढच्या जानेवारीत उत्तमराव स्वतः तिच्या दारात आले.

मी शेळीचं दूध न्यायला गेले होते. उत्तमराव बदलले होते. पांढरे कपडे तेच, पण फोन खिशात. महोत्सवाच्या मंडळींनी त्यांना बाजूला बसवलं होतं, आता त्यांच्याकडं फक्त तंबूंचं काम होतं, तेही गेलं तर काही उरणार नव्हतं. ते बाजेच्या कडेवर बसले. आक्का शेळ्यांना पाला टाकत होती.

"आक्का, यंदा जागा आपण बघायची. अध्यक्षांचा निरोप आहे."

"तुमी कावून न्हाई बगत? तुमाला तर लई कळतंय."

"मागच्या वेळी माझं चुकलं."

"चुकलं न्हाई," आक्का म्हणाली. तिनं पाल्याची मोळी खाली ठेवली. "तितं पाणी येतंय ते मला म्हाईत व्हतं. कुन्या दिशी येतंय, कवा येतंय, समदं म्हाईत व्हतं. तुमी माझी मेख बगून तंबू लावताव, ते बी म्हाईत व्हतं. म्हनून मी तितं मेख ठोकली."

शेजारच्या दोन बायका भांडी घासता घासता थांबल्या. उत्तमरावांचं तोंड उघडं राहिलं. रागावतील असं वाटलं. पण त्यांनी विचारलं, आणि अगदी मनापासून विचारलं, "का? मी काय केलं होतं तुमचं?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. तिनं ऐकलं तेच मी ऐकलं की नाही, अशा नजरेनं.

"माझी पेटी," ती म्हणाली.

"कोणती पेटी?"

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, आक्काची नाही, आक्कासाठी. इतकी वर्षं ती उठता बसता ते ओझं वाहत होती, आणि तिची खात्री होती की दुसरं टोक त्या माणसाच्या खांद्यावर आहे. त्याच्या खांद्यावर काहीच नव्हतं. त्यानं कनात ओढली आणि चहा प्यायला गेला, इतकंच.

"मला खरंच आठवत नाही, आक्का."

"मंग मी याद करून देते."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं सांगितलं. तुमच्या हातात कप व्हता, बशी न्हवती. मनगटाला लाल गंडा व्हता. मी म्हनले येवढी पेटी आत घ्या. तुमी म्हनलाव वाद्यं आपल्याकडंच ठेवा. दोरी डाव्या हातानं वडली. ती शांतपणे सांगत गेली, गारा किती मोठ्या होत्या इथपर्यंत. उत्तमराव खाली बघत होते. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आता तुमी सांगा."

"काय सांगू?"

"काय केलंव ते."

शेळी ओरडली. मग उत्तमराव हळू म्हणाले, "मी कनात ओढली."

"मोट्यानं."

"मी कनात ओढली. पेटी भिजली."

आक्का उठली. "येते मी माळावर," ती म्हणाली. "पन मेखा तुमी ठोकायच्या. मान्सं न्हाई लावायची."

त्या फेब्रुवारीनंतर ती चाकणला लेकीकडं राहायला गेली आणि पावसाळ्यात तिकडंच वारली. मी तिला शेवटचं नीट पाहिलं ते त्या माळावर. अंगणवाडी आटपून मी दुपारी दोनला पोचले आणि बाभळीखाली बसले. लांब माळाच्या मध्यावर दोघंच होते. आक्कानं पदर डोक्यावरून ओढून घेतला होता. उत्तमराव हातात घण आणि खांद्यावर मेखांचं पोतं घेऊन तिच्या मागं. ती आडवी पडायची, उठायची, पायाच्या अंगठ्यानं खूण करायची. ते वाकून मेख ठोकायचे.

"हितं न्हाई. काडा."

ते उपटायचे. ती चालू लागायची. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, हाताला फडकं गुंडाळलं होतं. पुन्हा खूण, पुन्हा घण, पुन्हा "काडा". एकदाही ते उलटून बोलले नाहीत. तिनंही आवाज चढवला नाही. त्या उन्हात ती त्यांना माळाच्या चारी टोकांना फिरवून आली.

साडेपाचला ती थांबली. मी बसल्या जागेवरून बघत होते म्हणून मला कळलं, दोनला त्यांनी जी पहिली मेख ठोकून उपटली होती, त्याच भोकावर तिचा अंगठा होता. उत्तमरावांनीही ते ओळखलं. ते क्षणभर तिच्याकडं बघत राहिले, अगदी तिच्याकडंच, मागं गाडी नव्हती, कुणी नव्हतं. मग खाली वाकले आणि घण घातला.

"बसली?" आक्कानं विचारलं.

"बसली."

"मंग चला. आजून तीस तंबू हायत."